कापसाच्या खोलीचं दार

आमच्या जिल्ह्याचं नाव टीव्हीवर वर्षातून एकदाच येतं, थंडी पडली की. सगळ्यात जास्त गारठा कुठे, तर आदिलाबाद. हैदराबादच्या स्टुडिओत बसलेली बाई हे हसतहसत सांगते, जणू आम्ही काही पराक्रमच केला. दोन हिवाळ्यांपूर्वी तिने ते सांगितलं की नाही, मला माहीत नाही. आमच्या गावात तेव्हा अकरा दिवस वीज नव्हती.

गाव जैनथ मंडलात, म्हणजे तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडे. नदीपलीकडे महाराष्ट्र. इथल्या मराठी शाळेत मी पंचवीसेक वर्षं शिकवते आहे. लग्न केलं नाही. शाळेमागच्या गल्लीत आईने हौसेने बांधून घेतलेल्या चार खोल्यांत राहते. आई होती तोवर दोघी होतो, आता एकटी. कोणी विचारलं की मी 'एकटीच' म्हणते आणि विचारणारा माझ्या पायात घोटाळणाऱ्या मांजरांकडे बघतो. त्यांना मी मोजत नाही, असा माझा समज होता.

मांजरं आईची. एक पांढरी मांजर आणि एक करडा बोका, इतका म्हातारा की त्याचे निम्मे दात पडलेले आणि मारामारीची हौस पुरती फिटलेली. मला त्यांचा लळा नव्हता. झाकणं पाडणाऱ्या, दुधात तोंड घालणाऱ्या, वर आपल्याकडेच तुच्छतेने बघणाऱ्या जनावराचा लळा मास्तरणीला लागूच नये. असे विद्यार्थी मी वर्गाबाहेर उभे करते.

आई त्या अकरा दिवसांच्या आदल्या वर्षी, पौषात गेली. छातीत कफ भरला होता. शेवटचे आठ दिवस तिचे पाय काही केल्या गरम होईनात. तेल चोळलं, लोकरीचे मोजे चढवले, खाटेखाली निखारे ठेवले, तरी पाय गार ते गारच. पांढरी तिच्या पावलांवर अंग टाकून पडून राहायची. आई म्हणायची, "तेवढंच गरम वाटते वं मले." शिकलीसवरलेली लेक उशाशी बसलेली, आणि आईला ऊब द्यायला कामी आली ती मांजर. हे मला तेव्हा फार लागलं होतं. अजून लागतं.

पुढच्या हिवाळ्यात पांढरी अवेळी व्याली. तीन पिल्लं, दोन पांढरी आणि एक करडं. ऐन थंडीतली पिल्लं जगत नाहीत, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र हट्टाला पेटले. आईला वाचवता आलं नाही, तर आईच्या मांजरीची ही तीन पिल्लं तरी या थंडीतून बाहेर काढायची, एवढंच मी स्वतःशी ठरवलं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि त्यांचं चुकलंही नसतं.

कोंबडीची पिल्लं वाढवणारे बल्ब लावतात, तसा बल्ब लावायचा. पण आता दुकानांत मिळतात ते सगळे एलईडी, उजेड भरपूर आणि ऊब शून्य. जुना पिवळा साठचा बल्ब शोधायला मी आदिलाबादेत तीन दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने माळ्यावरून धूळ झाडत एक काढून दिला आणि विचारलं, "टीचरजी, मुर्गियाँ पाली क्या?" मी हो म्हटलं. स्वयंपाकघरात फडताळाखाली पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं, आत आईची मऊ झालेली गोधडी घातली, आणि वर हातभर उंचीवर बल्ब टांगला. पांढरीने आत जाऊन दोन गिरक्या घेतल्या आणि पिल्लांना पोटाशी घेतलं. मला त्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहितानाही खोकंच दिसत होतं.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तो बल्ब बघून म्हणाला, "काऊन वं, मांजरासाठी बल्ब? आमच्या गोठ्यात नाई एवढा मोठा!"

दादाची शेती गावातच, कापूस आणि सोयाबीन. दादाचा कापूस माझ्या मागच्या खोलीत असतो, दरवर्षी. त्याच्या घरी सुना, नातवंडं. कापूस घरात साठवला की त्यातल्या किड्याने अंगभर खाज सुटते, लेकरं रडतात. म्हणून कापूस बहिणीकडे. बहिणीला खाज सुटली तर ती मास्तरीण आहे, सोसेल. ती खोली बिनखिडकीची, जमिनीपासून छताला हात लागेल इथवर कापसाने भरलेली. दाराला कडी. दादाने बजावलं होतं, "तुही मांजर अंदर गेली अन् मुतली ना, तर मार्केट यार्डात माल नापास होते, सांगून ठेवतो." मी कडी कधी उघडी ठेवत नसे.

पिल्लं आठ दिवसांची झाली आणि दिवेलागणीच्या वेळी धाडकन आवाज झाला. कुत्री भुंकायला लागली. बल्ब गेला. सगळ्या शेतांत हरभऱ्याला पाणी सुटलेलं, घराघरांत पाणी तापवायचे रॉड लागलेले, त्यात गावाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. गल्लीत कोणीतरी "गेली" म्हणालं, आणि सगळे आपापल्या घरात गेले. आमच्याकडे वीज जाणं ही बातमी नसते. न येणं हीसुद्धा दोन-तीन दिवस बातमी नसते.

लाइनमन दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवरून आला, वर बघितलं आणि मला म्हणाला, "मेडम, रेपु." रेपु म्हणजे उद्या. पुढचे आठ दिवस तो भेटेल तेव्हा हा एकच शब्द मला देत राहिला. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष, सहा गावं आणि हा एकटा. पण मला तेव्हा त्याची दया आली नाही, मला त्याचा फक्त राग यायचा. एकदा मी त्याला मराठीत असं काही बोलले की तेलुगू माणसालाही ते कळलं.

जळालेला ट्रान्सफॉर्मर गावानेच आपल्या ट्रॅक्टरवर घालून आदिलाबादला न्यायचा, दुरुस्त झालेला गावानेच आणायचा, ही आमच्याकडची रीत. न्यायला तिसऱ्या दिवशी एक ट्रॅक्टर कसाबसा मिळाला. आणायला मिळेना. ऐन कापसाचा हंगाम, एकूण एक ट्रॉली कापसाने भरलेली, यार्डाच्या रांगेत नाहीतर रांगेच्या वाटेवर. सगळ्यांना वीज हवी होती, पण आपली ट्रॉली मोकळी करायची कोणाचीच तयारी नव्हती. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, एवढाच प्रश्न होता, आणि गावातली सगळी हुशारी तो प्रश्न दुसऱ्याकडे ढकलण्यात खर्च होत होती.

इकडे माझी ड्यूटी लागली. बोअरची मोटर बंद म्हणून हापशीवरून पाणी आणायचं, अंगणातल्या चुलीवर तापवायचं, तेलाच्या रिकाम्या बाटल्यांत भरायचं, बाटल्या आईच्या लोकरीच्या मोज्यांत घालायच्या आणि खोक्यात पिल्लांच्या दोन्ही बाजूंना ठेवायच्या. आईच्या पायांना जे मोजे कधी गरम करू शकले नाहीत, ते आता गरम पाण्याने टम्म फुगून मांजरांच्या उपयोगी पडत होते. बाटल्या दोन-अडीच तासांत गार होत. शाळेतून मधल्या सुटीत मी पळत घरी येई, चूल पेटवी, बाटल्या बदली. हाताला राखेचा वास घेऊन परत वर्गात. एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमी भाकरी करून आल्या का?" मी तिला पाढे म्हणायला लावले.

एकदा घमेल्यात निखारे घालून खोक्याशेजारी ठेवून पाहिले. धुराने पिल्लं शिंकायला लागली. पांढरीने एकेकाची मानगूट धरली आणि तिन्ही आईच्या खाटेवर नेऊन ठेवली. मी ती परत आणली. दुसऱ्या दिवशी तिने ती तांदळाच्या कोठीमागे नेली. तिथून परत आणली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. मी तिला एकाच घरात बसवायला निघाले होते. मग ती मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसू लागली. दाराच्या फटीला नाक लावायची, नखांनी लाकूड ओरबाडायची, माझ्याकडे बघून ओरडायची. मी तिला दर वेळी हाकललं. "चल हो तिथून, दादाचा माल आहे तो," असं मी एका मांजरीला समजावून सांगत होते.

घरातली सगळ्यात उबदार जागा कुठली, हे तिला कळलं होतं. मला कळायला हवं होतं. कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला की आतून ऊब लागते, हे कापूसवाल्यांच्या घरात जन्मलेल्या मला काय कोणी शिकवायला हवं? लहानपणी आम्ही त्यातच झोपायचो. पण मी मोठी झाले होते आणि माझ्याकडे बाटल्यांची योजना होती.

आणि योजना चालत होती, हे मला सांगितलंच पाहिजे. पिल्लं जगत होती. डोळे उघडले, आधी एक, मग दुसरा, निळसर गढूळ. करडं पिल्लू सगळ्यात दांडगं, बाटलीवर चढायला बघे आणि घसरून पडे. सकाळी खोक्यात हात घातला की तीन धडधडणारी पोटं हाताला लागत. दिवसभरात तेवढं एक सुख होतं. बाकी सगळं अंगावर आलेलं होतं. ओल्या लाकडांचा धूर, फुटलेल्या टाचा, चार वाजताच घरात भरणारा अंधार, आणि त्या अंधारात आईची रिकामी खाट. संध्याकाळी मी खाटेकडे पाठ करून बसायची. वीज असली की माणूस टीव्ही लावतो आणि घरात कोणी नाही हे विसरतो. त्या दिवसांत विसरायची सोयच नव्हती.

आठव्या दिवशी निरोप आला, ट्रान्सफॉर्मर तयार आहे, गाडी घेऊन या. त्याच दिवशी दादाच्या मोबाइलवर, तो तेवढा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज होई, यार्डाचा मेसेज आला होता, कापूस विकायला उद्याचा नंबर. मी हिशेब जुळवला. दादाचा कापूस सकाळी भरायचा, दुपारपर्यंत यार्डात रिकामा, आणि परत येताना त्याच ट्रॉलीत ट्रान्सफॉर्मर. संध्याकाळी वीज!

दादा कां-कूं करत होता. "मजूर नाई भेटून राह्यले वं. परवाचा नंबर घेतो."

"परवा नाही, उद्याच," मी म्हटलं. "मजूर मी आणते."

आणि आणलेही. शाळेतल्या पोरांच्या आयांच्या दारोदार फिरले. बाईंनी सांगितलं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? चार बाया, तीन गडी, पहाटे उजाडायच्या आत यायला तयार झाले. वहिनी म्हणाली, "येवढी घाई तर तुमी शाळेतल्या पोरायच्या परीक्षेले नाई केली बाई." मी हसले. किती दिवसांनी हसले असेन.

त्या संध्याकाळी पणत्यांच्या वाती संपल्या. रॉकेल आता कुठे मिळतं. गोडेतेलाच्या पणत्यांवर माझं घर चाललं होतं. उद्या खोली रिकामी होणार, तर वातींपुरता मूठभर कापूस काढून घ्यावा म्हणून मी मागच्या खोलीची कडी काढली. मोबाइलचा उजेड धरून आत गेले. दोन मुठी घेतल्या, एक वातींना, एक खोक्यात घालायला. तेवढ्यात मोबाइलची उरलीसुरली बॅटरी संपली. हात भरलेले, डोळ्यांपुढे काळोख. मी बाहेर येऊन पायाने दार ओढलं. चुलीवर पाणी उकळत होतं. कडी लावायला परत आले नाही.

सरकी काढून मी वाती वळल्या. उरलेला कापूस गोधडीखाली पसरला. पांढरीने तो हुंगला आणि बराच वेळ हुंगत राहिली. मला वाटलं, आवडला.

पहाटे पाचला उठून खोक्यात हात घातला. अंधार होता. गोधडीखाली केसाळ, ऊबदार अंग हाताला लागलं, श्वासाबरोबर वरखाली होणारं. थंडी आत शिरू नये म्हणून मी लगेच हात काढून घेतला आणि गोधडी नीट दाबून बसवली. सगळी गोड झोपली आहेत, असं म्हणून चूल पेटवायला गेले.

माणसं आली. मागच्या खोलीचं दार नुसतंच लोटलेलं बघून माझ्या मनात काहीतरी हललं, पण दादा ओरडला, "अंदर काही हाये का वं? पाह्य बरं." मी दारातून डोकावले. काळोखात पांढरा ढीग, छतापर्यंत. "काही नाही. भरा," मी म्हटलं.

कापूस भरतात तो कवेत घेऊन. तो मोठ्या चादरीत टाकायचा, चादरीची चार टोकं धरून बाहेर न्यायची, ट्रॉलीत उलटी करायची. ट्रॉलीत तिघं उभे राहून तो पायांनी तुडवतात, म्हणजे जास्त बसतो. अंधार, घाई, तोंडाला बांधलेले रुमाल. बाया चेष्टामस्करी करत होत्या. एक म्हणाली, "बाई, तुमची मांजर पायात येऊन राह्यली, तुडवल जाईन."

पांढरी वेड्यासारखी दारातून आत, आतून बाहेर धावत होती. चादरींवर उड्या घेत होती. मी तिला उचललं. तिने मला ओरबाडलं, मनगटापासून कोपरापर्यंत. मी तिला न्हाणीघरात कोंडलं आणि बाहेरून कडी लावली. ती कडी मात्र लावायला विसरले नाही. ती आतून ओरडत होती, मांजरीचा आवाज वाटू नये अशा आवाजात. मी दारावर थाप मारून म्हटलं, "गप!"

साडेसातला ट्रॉली गेली. मजुरांना चहा दिला, खोली झाडली, मनात म्हटलं, सुटले. मग न्हाणीघराचं दार उघडलं. पांढरी माझ्या पायाला धक्का देऊन सुटली, पण खोक्याकडे नाही. ती मागच्या खोलीत गेली. रिकाम्या फरशीच्या मधोमध उभी राहिली, चारी भिंतींकडे बघितलं, आणि हाक मारली. पिल्लांना दूध पाजायला येताना मांजर घशातल्या घशात जी हाक मारते ना, तीच.

मी स्वयंपाकघरात गेले. गोधडी उचलली. आत बोका होता. त्याने डोळे किलकिले करून माझ्याकडे बघितलं आणि जांभई दिली.

दादाला थांबवायचं होतं. माझा मोबाइल बंद, वहिनीचा बंद, गल्लीतले सगळे बंद. आणि दादाचा नंबर मला पाठ नव्हता. सख्ख्या भावाचा नंबर! पोरांकडून तीसपर्यंतचे पाढे पाठ करून घेणारी मी. तो आईच्या खाटेशेजारच्या भिंतीवर होता, तिला दिसावा म्हणून मीच कधीतरी पेन्सिलीने मोठ्ठ्या आकड्यांत लिहून दिलेला. तो तळहातावर उतरवला आणि मी स्टँडवर पळाले. चप्पल एकाच पायात होती, हे नंतर कळलं. जैनथहून आलेल्या ऑटोवाल्याने फोन दिला. ट्रॅक्टरच्या आवाजात दादाला ऐकू जात नसणार. चौथ्यांदा उचलला, तेव्हा तो यार्डाच्या रांगेत लागला होता.

"दादा, कापसात पिल्लं आहेत."

"काय?"

"मांजरीची पिल्लं. रात्री तिनं कापसात नेली. भरली गेली."

त्याने ट्रॅक्टर बंद केला. मग म्हणाला, "अवं, तीन मानसं नाचले वरून." मी रडायला लागले, स्टँडवर, ऑटोवाल्यासमोर, माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांसमोर. दादा म्हणाला, "रडू नको. पाहतो मी." आणि फोन ठेवला.

पुढचं मला दादाने सांगितलं नाही. रांगेतल्या दुसऱ्याने सांगितलं. दादाने ट्रॅक्टर रांगेतून बाजूला घेतला, फाळका उघडला आणि हाताने कापूस उपसायला लागला. जमिनीवर ताडपत्री टाकून सगळी ट्रॉली त्याने रिकामी केली. मागचे ट्रॅक्टर पुढे निघून गेले. लोक विचारत होते, काय हरवलं, सोनं का? तो म्हणत होता, "घरचं हाये." मांजर घरात नको म्हणून आयुष्यभर कटकट केलेला माझा भाऊ.

तो परत आला तेव्हा दिवस बुडाला होता. ट्रॉली रिकामी होती आणि तीत ट्रान्सफॉर्मर नव्हता. नंबर गेला, कापूस तोलायला संध्याकाळ झाली, तोवर ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचं शेड बंद झालं. दादाने खांद्यावरच्या दुपट्ट्याची पुरचुंडी माझ्या ओट्यावर ठेवली. उकलली नाही.

"हे करडं गरम होतं," तो म्हणाला. "जित्तं होतं वं. च्याच्या टपरीवर नेलं, शेगडीपाशी धरलं. बोटानं दूध देल्लं, तं चाटलं त्यानं दोनदा. मले वाटलं वाचते." मग त्याने स्वेटरची बटणं उगाचच काढली आणि लावली. "बनियनमंदी घालून आनलं. गावाच्या अलीकडं गार झालं."

मी त्याला सांगू शकले असते की माझी चूक होती, कडी मी लावली नाही, माणसं मी आणली, घाई मी केली. तो म्हणाला, "मी अंदर पाह्यलं पायजे होतं." आम्ही दोघंही आपापला गुन्हा घट्ट धरून ओट्यावर बसून राहिलो. आई असती तर दोघांनाही एकेक थोबाडीत देऊन जेवायला वाढलं असतं. मी दादाला चहासुद्धा विचारला नाही.

परसात सीताफळाच्या झाडाखाली दादाने खड्डा केला. पांढरी शेजारी बसून बघत होती. पुरचुंडी तिने हुंगली होती, पण ही आपली पिल्लं नव्हेत असं ठरवून ती मोकळी झाली होती. तिची पिल्लं कापसात होती. ती उठून मागच्या खोलीत गेली आणि पुन्हा हाक मारू लागली.

गावाला अजून दोन दिवस अंधारात काढावे लागले, आणि ते कशापायी हे सगळ्यांना कळलं. तोंडावर कोणी बोललं नाही, पण मी हापशीवर गेले की बायांचं बोलणं थांबायचं. एका म्हातारीने तेवढं विचारलं, "मांजर मेलं म्हन्ते तुमच्या हातून? सोन्याचं मांजर करून काशीले द्या लागते बाई." मी म्हटलं, एक नाही, तीन द्यावी लागतील. ती खरंच मनात सोन्याचा अंदाज घेत असावी, कारण गप्प झाली. मला तिचा राग आला नाही. काशीला काहीतरी देऊन हे फिटत असतं, तर मी पायी गेले असते.

बाटल्या भरायच्या नव्हत्या, तरी पहाटे मला जाग यायची. चूल पेटवायची कशाला, हे आठवायला थोडा वेळ लागायचा. आणि ते आठवलं की मग उठवत नसे. मी आयुष्यात पहिल्यांदा शाळेत उशिरा गेले. मुलांनी काही विचारलं नाही. त्यांच्या आयांनीच तर कापूस भरला होता. आईच्या वेळी मला वाटलं होतं, आपल्याकडून काही राहून गेलं. आता तसं वाटून घ्यायचीही सोय नव्हती. आता मी स्वतःच्या हातांनी सगळं केलं होतं, आणि सगळं काळजीपोटी केलं होतं. माझी ऊब ज्याच्या वाट्याला जाते, ते जगत नाही. हे मी तेव्हा मनात म्हटलं, आणि आजही मला ते खोडून काढता आलेलं नाही.

अकराव्या दिवशी दादा पुन्हा आदिलाबादला गेला आणि ट्रान्सफॉर्मर घेऊन आला. मी चौथीच्या वर्गात होते. दुपारी तीनच्या सुमारास वरचा पंखा आपोआप फिरायला लागला, आणि गावभर पोरांची एकच आरोळी उठली, "आली! आली!" माझा वर्गही बाकांवर चढून ओरडत होता. मी त्यांना ओरडू दिलं.

शाळा सुटल्यावर घरी आले. पांढरी मागच्या खोलीत, उघड्या फरशीवर, पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिने आता हाक मारणं सोडलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराखालून पिवळा उजेड येत होता. वीज गेली त्या संध्याकाळी बल्बचं बटन चालूच राहिलं होतं. वीज गेल्यावर बटन बंद करायचं कोणाला सुचतं? तास-दीड तास तो बल्ब खोक्यावर एकटाच जळत असणार.

मी खाली बसले आणि त्या पहाटेसारखाच आत हात घातला. गोधडी छान गरम झाली होती.